स्की केबिनचा सेक्शन आधी काढा: नागपुरातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना खुले पत्र

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि त्यांना शिकवणाऱ्या सर-मॅडम,

स. न. वि. वि.

यंदा आपल्या शहरातल्या एका महाविद्यालयात डिझाइन स्टुडिओला विषय होता: उत्तराखंडातल्या औलीच्या उतारावर आठ जणांसाठी स्की केबिन, ‘निसर्गात मिसळून जाणारी’. ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांचं काम तपासायला, बाहेरचा माणूस म्हणून मला बोलावलं होतं. मी आर्किटेक्ट नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आर्किटेक्टनं काढलेलं उभं कसं राहील ते बघणं हा माझा धंदा. ऑफिस नागपुरात, पण कामाच्या निमित्तानं कुलूच्या आणि गढवालच्या डोंगरांत बरीच वर्षं जाणंयेणं आहे. ज्युरीत एकेकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. त्यात जे सांगता आलं नाही ते सविस्तर लिहितोय. त्या महाविद्यालयापुरतं ते नाही, म्हणून पत्र सगळ्यांना.

विषय मला मनापासून आवडला. नागपूरच्या मुलांनी बर्फात घर का काढावं, असं मला मुळीच वाटत नाही. उलट जिथली सवय नाही तिथेच विचार करावा लागतो. शीट्सही देखण्या होत्या. पण भिंतभर लावलेल्या त्या शीट्स बघताना एक गोष्ट खटकत राहिली. बर्फ सगळीकडे होता: मागच्या शिखरांवर, देवदारांवर, अंगणात. केबिनच्या छपरावर मात्र नव्हता, आणि असला तर शोभेपुरता, बोटभर जाडीचा. ‘मिसळून जाणं’ बहुतेकांनी तीन प्रकारांनी सोडवलं होतं. कुणी काँक्रीटच्या भिंतीला दगडाचं क्लॅडिंग, म्हणजे वरून चिकटवलेला मुलामा, लावलं, कुणी स्लॅबवर गवत पेरलं, आणि उरलेल्यांनी दर्शनी बाजू अख्खी काचेची केली, म्हणजे डोंगर आत येईल. सेक्शन, म्हणजे घर उभं कापलं तर आत काय दिसेल ते दाखवणारी ड्रॉइंग, होते, पण शेवटच्या शीटवर, खाली कोपऱ्यात, आधी ठरलेल्या घराचा काप म्हणून.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. केबिन डोंगरात मिसळली की नाही, हे ती समोरच्या डोंगरधारेवरून कशी दिसते यावर ठरत नाही. अंगावर पडलेल्या बर्फाचं, पायाखालच्या उताराचं, पोटाखालून वाहणाऱ्या पाण्याचं ती काय करते, यावर ठरतं. दिसणं त्यातून आपोआप येतं. आणि या सगळ्याचा हिशेब फक्त सेक्शनमध्ये मांडता येतो.

आधी वजन, कारण तो माझा प्रांत. नागपुरात माणसं जातात अशा गच्चीवर आपण चौरस मीटरला १५० किलो भार धरतो, जिथे कुणी चढत नाही अशा छपराला ७५. ताजा भुरभुरीत बर्फ हलका असतो, घनमीटरला १०० किलो किंवा त्याहूनही कमी. पण तो तसा राहत नाही. दिवसा उन्हानं दबतो, रात्री गोठतो, वरून नवा पडतो. बसलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोपर्यंत जातो, ओला झाला तर ४०० च्याही पुढे. म्हणजे मीटरभर बर्फ बसला तर चाळीस चौरस मीटरच्या लहानशा छपरावर बारा टन. हा भार सगळीकडे सारखाही नसतो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, दोन छपरं जिथे भेटतात त्या खाचेत ढीग होतो. शीट्सवरच्या ज्या केबिनला चार कोन, सहा खाचा आणि मधोमध एक अंगण होतं, ती माझ्या डोळ्यांना पहिल्या मोठ्या हिमवर्षावातच अडचणीत आलेली दिसत होती. बर्फाच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा चौथा भाग आहे. लहानसा दस्तऐवज आहे, एका दुपारी वाचून होतो. छपराचा उतार ३० अंशांपर्यंत असेल तर त्यात उतारासाठी भाराला सूट नाही. तिथून पुढे भार कमी होत जातो आणि ६० अंशांना शून्य होतो.

आणि हा सगळा भार भूकंपाच्या पट्ट्यात डोक्यावर घ्यायचा आहे. नागपूर भूकंपाच्या दृष्टीनं देशातल्या सर्वांत शांत भागात मोडतं, औलीचा चमोली जिल्हा सर्वांत धोक्याच्या. २९ मार्च १९९९ च्या मध्यरात्री तिथे साडेसहाहून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. वजन जितकं उंचावर, तितका हिसका मोठा. गवताच्या छपराचं रेंडर, म्हणजे संगणकावरचं हुबेहूब चित्र, लावताना हे आकडे शेजारी लिहून बघा.

छपराचे प्रामाणिक मार्ग दोनच आहेत. एक, बर्फ खाली सोडायचा. मग उतार तीव्र हवा, पृष्ठभाग गुळगुळीत हवा आणि घसरलेला बर्फ पडायला मोकळी जागा हवी. दोन, बर्फ वर धरून ठेवायचा. मग उतार कमी, पृष्ठभाग खरबरीत, लाकूड दणकट. आल्प्समधली जुनी घरं पाहिलीत तर अनेकांची छपरं आपल्याला वाटतात तशी उभी नसतात. ती रुंद आणि बसकी असतात, लाकडी फळ्यांवर दगड ठेवलेले असतात. त्या लोकांना छपरावरचा बर्फ हवा होता. बर्फात अडकलेली हवा थंडी अडवते, आणि ते पांघरूण फुकट मिळत होतं. शीट्सवर मात्र गवत नसलेली बहुतेक छपरं पंचवीस-तीस अंशांची आणि वर रंगीत पत्रा, म्हणजे धड ना हे धड ना ते. अशा छपरावर बर्फ आठवडाभर बसून राहतो आणि एका उन्हाच्या दुपारी अख्खा एकदम सुटतो.

तो कुठे पडतो? कुलूकडे एका जुन्या मिस्त्रींबरोबर काम करत होतो. नकाशा त्यांच्या हातात दिला तर त्यांनी खोल्या बघितल्याच नाहीत. वळचणीखाली काढलेल्या मुख्य दरवाजावर अंगठा ठेवून विचारलं, “साहब, बरफ यहाँ गिरेगी, आदमी कहाँ से निकलेगा?” दरवाजा छपराच्या उताराखाली ठेवायचा नाही, तिकोनी भिंतीच्या बाजूला न्यायचा. धुराडं कळसाजवळ ठेवायचं, खाली ठेवलं तर सरकणारा बर्फ त्याला मोडून नेतो. आत शिरल्यावर लगेच दुसरा दरवाजा, मधे ओले बूट आणि स्की ठेवायची खोली, म्हणजे दर वेळी घरातली ऊब बाहेर पळत नाही. यातलं काहीही रेंडरमध्ये उठून दिसत नाही. पण डोंगरातलं घर यानंच डोंगरातलं होतं.

बर्फाळ प्रदेशातल्या छपरांचं एक दुखणं नागपुरात बसून सुचणारच नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. बाहेर शून्याखाली तापमान, आणि घरात छत गळतंय. होतं असं की खोलीतली ऊब छतातून वर जाते आणि बर्फाचा सर्वांत खालचा थर वितळवते. ते पाणी पत्र्यावरून उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही, तिथे ते पुन्हा गोठतं. हळूहळू कडेला बर्फाचा बांध तयार होतो, मागून येणारं पाणी अडतं, तुंबतं आणि पत्र्याच्या सांध्यांतून उलटं आत शिरतं. लोक दरवर्षी सांध्यांना डांबर फासतात आणि दरवर्षी गळतं, कारण दोष सांध्यात नसतोच. उपाय असा: छताला उष्णतारोधकाचा जाड थर द्यायचा आणि त्याच्यावर, पत्र्याच्या खाली, वळचणीपासून कळसापर्यंत थंड हवा खेळेल अशी पोकळी सोडायची. छप्पर थंडच राहिलं पाहिजे.

आता यात दिसण्याचा मुद्दा बघा. फेब्रुवारीत समोरच्या धारेवर उभं राहिलं तर ज्या घरांची ऊब वाया जाते त्यांची छपरं काळी, ठिगळं पडलेली दिसतात. ज्या केबिनचा सेक्शन नीट आहे तिच्या छपरावरचा बर्फ शेजारच्या उतारावरच्या बर्फाइतकाच टिकतो. ती पांढऱ्यात पांढरी होऊन जाते. मिसळणं म्हणतात ते हे. क्लॅडिंगचा एकही दगड न लावता ते साधलेलं असतं.

ज्युरीत एका विद्यार्थिनीनं हे जवळजवळ पकडलं होतं. तिचं रेंडर बेतास बात होतं. पण तिनं पेन्सिलीनं मोठा सेक्शन काढला होता आणि त्यात निळ्या रंगानं छपरावरचा बर्फ दाखवला होता, वाऱ्याच्या बाजूला पातळ, आडोशाला जाड. दरवाजा तिकोनी भिंतीत होता. केबिन तिनं मोकळ्या उतारावरून उचलून झाडांच्या कडेला नेली होती आणि कारण लिहिलं होतं: ‘उतार ३५ अंश, हिमकडा सुटू शकतो.’ बरोबर लिहिलं होतं, साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाला सर्वांत अनुकूल असतात. तिला विचारलं गेलेलं पहिलं वाक्य होतं, “व्ह्यू कुठे गेला?” गुणही त्याच हिशेबानं मिळाले. हे पत्र लिहायचं तेव्हाच ठरवलं.

गवताच्या छपराबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ते अर्ध्या शीट्सवर होतं. नॉर्वेमध्ये ते शतकानुशतकं होतं. पण तिथे गवत हा त्या छपराचा मुद्दाच नव्हता. पाणी अडवणारा थर बर्चच्या सालीचा. ती हलकी आणि गुंडाळी होणारी, म्हणून तिला दाबून धरायला मातीचे गवतासकट कापलेले थर ठेवायचे. चौरस मीटरला सुमारे २५० किलो वजन, हिवाळ्यात बर्फ धरून ४०० ते ५००. त्या वजनानं भिंतीतले ओंडके एकमेकांवर घट्ट बसत आणि फटी बुजत. छप्पर, भिंत, साल, माती, सगळी एकच व्यवस्था. आणि ही युक्ती नॉर्वेचीच नाही. काश्मीरमधल्या जुन्या लाकडी इमारतींवरही हेच होतं: भूर्जाच्या सालीचे थर, वर माती, आणि वसंतात त्यावर फुलणारी फुलं. आपल्याला भूर्जपत्र म्हटलं की पोथ्या आठवतात, काश्मिरी सुताराला छप्पर आठवत असणार. दोन वेगळ्या डोंगरांतली माणसं एकाच झाडापाशी पोचली, कारण दोघांनी हाताशी काय आहे ते पाहिलं. याउलट, ट्रकनं वर चढवलेल्या सिमेंटचा स्लॅब, त्यावर विकतचं रसायनी अस्तर, त्यावर विकतचं गवत आणि त्याला ठिबक सिंचन, हे मिसळणं नाही. उन्हाळ्यात त्या गवताला पाणी कोण घालणार, हेही शीटवर कुठे नव्हतं.

सूर्याच्या बाबतीत तर आपल्या सवयीच उलट्या करायला लागतात. नागपुरात आपण लहानपणापासून ऊन टाळायला शिकतो. पश्चिमेला खिडकी नको, छपरी खोल हवी, कूलरला वाळ्याची ताटी हवी. औलीत ऊन हा पाहुणा आहे, त्याला बोलवायचं. २१ डिसेंबरला दुपारी नागपुरात सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, औलीत ३६ वर. एवढ्या खालून आलेलं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जातं. पण तिथेच पेच आहे. स्कीचे उतार मुद्दाम उत्तरेकडचे निवडतात, कारण तिथे बर्फ टिकतो. औलीचा उतारही बराचसा उत्तरेकडे तोंड करून आहे. म्हणजे स्कीला सावली हवी, केबिनला ऊन. वीस अंशांच्या उत्तरउतारावर डिसेंबरचं दुपारचं ऊन जमिनीला जेमतेम सोळा अंशांनी चाटून जातं. अशा ठिकाणी केबिन उतारावर कुठे, किती वर, कुठल्या उंचवट्याच्या कडेला ठेवायची हा खरा डिझाइनचा प्रश्न आहे. तो मला एकाही कॉन्सेप्ट शीटवर दिसला नाही. ती विद्यार्थिनी सोडली तर सगळ्यांनी आधी शिखरं कुठे आहेत ते पाहिलं आणि तिकडे काच लावली.

काचेचा हिशेब छोटा आहे. एकेरी काच उष्णतारोधक भिंतीच्या पंचवीस-तीसपट ऊब बाहेर सोडते. आत २० अंश आणि बाहेर उणे ५ असताना दहा चौरस मीटर एकेरी काचेतून चौदाशे वॅटच्या आसपास ऊब सतत जाते. म्हणजे एक मोठा हीटर रात्रंदिवस फक्त त्या काचेसाठी. दुहेरी काचेनं ती निम्मी होते. शिखर बघायला भिंतभर काच लागत नाही. बसल्या जागी डोळ्यांच्या उंचीला आलेली एक नेमकी खिडकी पुरते, आणि रात्री तिला आतून लाकडी झडप लावता येते.

आता जमीन. इथे मला जरा कठोर बोलावं लागेल.

औलीला जायचं तर जोशीमठावरून जावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये त्या गावात ८०० हून जास्त इमारतींना तडे गेले. दोन हॉटेलं एकमेकांकडे कलली, ती पाडावी लागली. औलीला नेणारा रोपवे बंद झाला. हे अचानक झालेलं नव्हतं. १९७६ मध्ये गढवालचे तेव्हाचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीनं लिहून ठेवलं होतं की जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय. तिथे जड बांधकामं आवरा, उतारातले मोठे दगड खोदून किंवा सुरुंगानं काढू नका, पाण्याचा निचरा नीट करा, झाडं लावा, असं समितीनं सांगितलं होतं. इतकी स्पष्ट भाषा सरकारी अहवालात फार क्वचित सापडते. जवळपास अर्धशतकानंतर गावातलं सांडपाणी जागच्या जागी जमिनीत मुरतच होतं.

औली त्याच डोंगराच्या वरच्या अंगावर आहे. त्यामुळे तिथे केबिन काढणाऱ्यानं शिखर बघायच्या आधी स्वतःच्या मोरीचं पाणी कुठे जाईल ते काढलं पाहिजे, आणि प्लॉटच्या रेषेवर थांबून चालणार नाही. खालच्या नाल्यापर्यंत ते शीटवर दिसलं पाहिजे. थंडीत सेप्टिक टँकचं काम मंदावतं, कारण त्यातले जिवाणूच सुस्त होतात. सियाचीनसाठी डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं थंडीत काम करणारे जिवाणू वापरून जैवशौचालय तयार केलं, त्याचा अभ्यास विद्यार्थ्यांना सहज करता येईल. नळाच्या पाइपांना सगळीकडे उतार द्यायचा, म्हणजे केबिन बंद करताना त्या पूर्ण रिकाम्या होतात. आत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फाडतं.

आणि उतार कापून सपाट ओटा करायचा नाही. बहुतेक मॉडेलमध्ये पहिलं काम तेच केलेलं होतं: उतारात खाच, मागे माती अडवणारी मोठी रिटेनिंग वॉल, पुढे भराव. भराव कधीतरी बसतो, आणि मागची भिंत वर्षभर डोंगराच्या पाण्याशी भांडते. फ्रान्समध्ये शार्लोत पेरियाँ या वास्तुकार बाईंनी साठी ओलांडल्यावर लेझार्क या स्की वसाहतीचं काम केलं. तिथल्या इमारती उताराच्या अंगानं पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. प्रत्येक मजला थोडा मागे सरकलेला असल्यामुळे वरून बघताना मोठी इमारतही उताराचा भाग वाटते. मोटारी वसाहतीबाहेर ठेवल्या होत्या. डोंगरात बांधकामाचे महिने थोडे म्हणून पुढे अख्खी न्हाणीघरंच कारखान्यात तयार करून वर आणली. त्याच बाईंनी १९३० च्या दशकात गिर्यारोहकांसाठी ॲल्युमिनियमच्या तुकड्यांचा एक छोटा निवारा केला होता, माणसांनी पाठीवर वाहून नेऊन जोडता येईल असा, जमिनीवर मोजक्या पायांवर उभा. त्यात ना दगड, ना गवत, ना डोंगराचा रंग. तरीही मी म्हणेन की तो डोंगराला आपल्या क्लॅडिंगवाल्या केबिनपेक्षा जवळचा होता, कारण त्यानं डोंगर खणला नाही आणि उद्या काढून नेला तरी मागे खड्डा राहत नाही. चंदीगडमुळे आपल्या ओळखीचे झालेले आर्किटेक्ट पिएर जान्नरे हे पेरियाँ यांचे जुने सहकारी. विद्यार्थ्यांनी हा धागा जरूर पकडावा.

‘स्थानिक लाकूड वापरू’ असं जवळजवळ प्रत्येक शीटवर होतं. हे लिहिण्याआधी रेणी गाव माहीत करून घ्या. जोशीमठापासून ते फार लांब नाही. १९७४ मध्ये तिथल्या बायका गौरा देवींच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठेकेदाराच्या माणसांना झाडं तोडू दिली नाहीत. पुढे १९८१ मध्ये त्या डोंगरांत हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी आली. तेव्हा ‘स्थानिक लाकूड’ हे तिथे इतकं सहज म्हणायचं वाक्य नाही. हिमाचलची काठकुणी भिंत, म्हणजे देवदाराच्या तुळया आणि सुक्या दगडांचे थर आळीपाळीनं, भूकंपात डुलते पण सहसा ढासळत नाही. मी त्या भिंतीपुढे हात जोडतो. पण तिच्यात जेवढा देवदार जातो तेवढा आज कुठल्याही केबिनला मागायचा हक्क नाही. जुन्या पाडलेल्या घराचं लाकूड मिळालं तर घ्या. नाहीतर लाकूड कमी लागेल असा सेक्शन शोधा. आणि वापराल त्या लाकडाला चकाकणारं पॉलिश करू नका. उघडा देवदार काही हिवाळ्यांत चंदेरी करडा होतो, आणि तो रंग विकत मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, यातलं किती नागपूरच्या उपयोगाचं? सगळंच. पेंच आणि ताडोब्याच्या वाटेवरचे नवे रिसॉर्ट बघा. आरसीसीच्या चौकटीवर शोभेचं गवत, सिमेंटच्या खांबाला बांबूचा मुलामा, आणि जाहिरातीत तेच शब्द: निसर्गाच्या कुशीत. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूचा पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. आपल्या घरापासून दोन तासांवर, जिथे रात्रीचा काळोख जपायचं ठरलंय, तिथे इमारत जंगलात मिसळते की नाही हे दिवसाच्या फोटोवरून कसं ठरवणार? अंगणातला प्रत्येक दिवा खाली बघतो का, तो रात्री विझतो का, हे आधी विचारायला हवं. मेळघाटातल्या कोरकूंच्या घरांकडे बघा. बांबूच्या तट्ट्यांवर माती लिंपलेली भिंत, वर कवेलू, पावसाला पुरेल एवढी बाहेर आलेली वळचण. तिथे कुणी निसर्गात मिसळायचं म्हणून बांधलेलं नाही. पाऊस कुठून येतो आणि माती किती ओलं सोसते, हे माहीत असल्यानं ते तसं झालंय.

सर-मॅडम, आता विनंती तुम्हाला. विषय पुन्हा द्या, हाच द्या. पण पहिल्या क्रिटला, म्हणजे कामावरच्या पहिल्या चर्चेला, फक्त सेक्शन मागा, १:५० चा, आणि तोच दोनदा: एकदा फेब्रुवारीतला, छपरावरच्या बर्फासकट, एकदा ऑगस्टमधला, उतारावरून येणाऱ्या पाण्यासकट. प्लॅन आणि एलिव्हेशन त्यानंतर. रेंडर तर शेवटच्या आठवड्यापर्यंत बघूच नका. आता दोन ओळी लिहिल्या की संगणक बर्फातल्या केबिनचं चित्र काढून देतो. त्या चित्राला गुण देऊन आपण नेमकं कोणाला गुण देतोय? सोबत एक पान हातानं केलेल्या वजनांचं मागा, चुकलं तरी चालेल, पण मागा. साइटची माहिती देताना फोटोंच्या बरोबरीनं बर्फाची खोली, उताराचे अंश, मातीचा प्रकार आणि हिवाळ्यातला वारा द्या. जोशीमठचा १९७६ चा अहवाल वाचनाच्या यादीत घाला. आणि सेमिस्टरच्या उत्तरार्धात हीच केबिन चिखलदऱ्याला आणा. अकराशे मीटरवर, धुक्यात आणि मुसळधार पावसात, त्याच आठ माणसांसाठी. बर्फाच्या जागी पाणी आलं की सेक्शनमधलं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे विद्यार्थी स्वतः शोधतील. साइट बघायला एसटीनं जाता येतं, हा फायदा वेगळाच.

ज्युरीला बाहेरची माणसं बोलावता तेव्हा एक मिस्त्री किंवा सुतारही बोलवा. त्यांना मानधन द्या, खुर्ची द्या आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, त्या मुलीचा पेन्सिलीचा सेक्शन बघायला मागा. तिची परवानगी असेल तर स्टुडिओच्या भिंतीवर लावा. त्यात एक-दोन गोष्टी राहिल्या आहेत: वळचणीला पोकळी नाही आणि धुराडं खाली आलंय. त्या सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा. भाराचा हिशेब अडला तर कुठल्याही शनिवारी संध्याकाळी माझ्या ऑफिसला या, कागद-पेन्सिल घेऊन, लॅपटॉप न आणता. आयएस ८७५ च्या चौथ्या भागाची प्रत टेबलावर काढून ठेवतो.

आपला,
नागपुरातला एक स्ट्रक्चरल इंजिनिअर